अजून सहा महिने थांबलं असतं तर?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो की परक्या मुलखात अडकलेलं सैन्य परत आणायला राज्यकर्ते नेहमी दोन-चार वर्षं उशीर करतात. बस, एवढं एकच वाक्य. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. सातबारा आणि पेन्शनवाल्यांनी कृपया महिनाभर कळ काढा.

प्रश्न: सर, तुमचं म्हणणं पटलं नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो शेवटी अफगाणिस्तानात अमेरिकेचे फक्त अडीच हजार सैनिक होते आणि दीड वर्षात त्यांचा एकही जवान लढाईत गेला नव्हता. एवढ्याशा खर्चात काबूल टिकत होतं तर सोडायची घाई कशाला? — एक वाचक, कोथरूड

भाच्याचे आकडे बरोबर आहेत, पण त्यातून त्याने काढलेला अर्थ मला पटत नाही. दीड वर्षात कोणी मेलं नाही ते कशामुळे, हे त्याला विचारा. २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात ट्रम्प सरकारने तालिबानशी करार केला, त्यात असं ठरलं की तालिबान अमेरिकनांवर हल्ले करणार नाही आणि अमेरिका १ मे २०२१ पर्यंत सगळं सैन्य काढेल. म्हणजे कसं, शेजारी रोज भांडायचा तो गप्प झालाय कारण तुम्ही एक तारखेला खोली सोडणार असं त्याला लिहून दिलंय, आणि तुम्ही म्हणताय बघा किती शांतता आहे, राहूया की अजून पाच वर्षं! राहायचंच ठरवलं असतं की गोळीबार परत सुरू, मग ते अडीच हजार पुरले नसते, अजून पाठवावे लागले असते, आणि हेच तर २० वर्षं चाललं होतं ना. शिवाय त्या दीड वर्षात अफगाण जवान आणि पोलीस रोज मरतच होते, फक्त ते न्यू जर्सीच्या टीव्हीवर दिसत नव्हते. २० वर्षांत अमेरिकेचे २४०० च्या वर सैनिक गेले, अफगाण फौजेचे ६० हजारांच्या वर.

तेव्हा निघायचं ठरवलं ते माझ्या मते बरोबरच, निघाले कसे ते मात्र भयंकर. दोह्याच्या टेबलावर काबूलच्या सरकारला खुर्चीच नव्हती, आणि तरी त्यांच्याच तुरुंगातले तालिबानचे ५ हजार कैदी सोडायचं कबूल करून आले! अफगाण विमानदलाची विमानं दुरुस्त करायचे परदेशी कंत्राटदार, ते सैन्यासोबत निघून गेले, मग विमानं असून नसल्यासारखी. बगरामचा तळ जुलैत रात्रीतून रिकामा केला आणि नव्या अफगाण कमांडरला अमेरिकन गेल्यावर कळलं. १५ ऑगस्टला काबूल पडलं, २६ तारखेला विमानतळाच्या गेटवर स्फोटात १३ अमेरिकन सैनिक आणि दीडशेच्या वर अफगाण माणसं गेली, ३० ऑगस्टला शेवटचं विमान उडालं.

आता भाच्याला अजून एक गोष्ट सांगा. याच देशातून रशियन गेले १५ फेब्रुवारी १९८९ ला, जनरल ग्रोमोव्ह पूल ओलांडून चालत तिकडे गेला तो फोटो जुन्या लोकांना आठवत असेल. सगळे म्हणत होते काबूलमधलं रशियाच्या जोरावरचं नजीबुल्लाचं सरकार आता काही महिन्यांचं पाहुणं आहे. पण ते टिकलं तीन वर्षं! त्याच्याशी लढणाऱ्या मुजाहिदीन बंडखोरांनी जलालाबादवर मोठा हल्ला केला तोही त्यांनी परतवला. मग पडलं कधी, तर सोव्हिएत युनियनच मोडलं, डिझेल, गहू, दारूगोळा, पैसा सगळं बंद झालं, आणि एप्रिल १९९२ मध्ये खेळ खलास. म्हणजे सैन्य गेल्यामुळे लगेच सगळं कोसळतंच असं नाही, मागून पगार आणि डिझेल येत राहतंय का यावर बरंच ठरतं. ही बाजू टीव्हीवरच्या चर्चेत कधी येत नाही, कारण डिझेलच्या टँकरचे फोटो कोण दाखवणार.

प्रश्न: सर, आमचे बाबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, १९८८ साली श्रीलंकेत होते. ते आजही म्हणतात की आम्हाला अजून सहा महिने दिले असते तर प्रभाकरन जंगलातच संपला असता आणि पुढे राजीव गांधी पण वाचले असते. दिल्लीने कच खाल्ली. घरात या विषयावरून जेवताना भांडणं होतात. खरं काय? — एक वाचक, सातारा तालुका

बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. आणि जेवताना भांडू नका, जेवण झाल्यावर भांडा.

आपल्याकडे आयपीकेएफबद्दल, म्हणजे श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेबद्दल, नव्या पोरांना काहीच माहिती नसतं म्हणून थोडं मागून सांगतो. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्यात तमिळ बंडखोरांनी लढाई थांबल्यावर ७२ तासांत शस्त्रं खाली ठेवायची, श्रीलंकेने उत्तर-पूर्व भागाला प्रांतिक अधिकार द्यायचे, आणि आपली फौज शांतता राखायला तिथं जाणार. गंमत बघा, ज्या एलटीटीईने (प्रभाकरनची तमिळ बंडखोर संघटना) शस्त्रं टाकायची होती त्यांची सही त्या कागदावर नव्हती, आणि त्यांच्या पोरांना आधी ट्रेनिंग आपल्याच लोकांनी दिलेलं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारला. म्हणजे त्या देशात आपलं किती स्वागत होतं ते पहिल्या २४ तासांतच दिसलं होतं.

दोन महिने हारतुरे झाले, मग सप्टेंबरमध्ये एलटीटीईचा थिलीपन उपोषण करून गेला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या एलटीटीईवाल्यांनी सायनाईड खाल्लं, आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास शांतता राखायला गेलेली फौज युद्धात उतरली. ऑपरेशन पवन. जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाईट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ गेले, एक पकडला गेला. जवानांना तमिळ येत नाही, गल्ल्या माहिती नाहीत, रस्त्यावर सुरुंग पेरलेले. जाफना शहर महिन्याअखेर हातात आलं, पण एलटीटीई जंगलात सरकली आणि खरी डोकेदुखी तिथून पुढे. त्याच ऑक्टोबरात जाफन्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर, नर्स, पेशंट मिळून साठ-सत्तर माणसं मारली गेली. लष्कर म्हणतं आतून गोळीबार झाला, तिथले लोक म्हणतात आतले निरपराध होते. कसंही धरलं तरी ज्या तमिळांना वाचवायला गेलो त्यांच्या मनातून आपण त्या आठवड्यात उतरलो.

आता बाबांचे सहा महिने. मला ते वाक्य खोटं वाटत नाही, जंगलात एलटीटीईची खरंच दमछाक झाली होती आणि तिथं असलेल्या जवानाला समोरचा शत्रू थकलेला दिसत असणारच. पण सहा महिन्यांनी काय झालं असतं हा प्रश्न जंगलातून दिसतच नाही, तो कोलंबोतून बघावा लागतो. करार झाला तेव्हा प्रेमदासा पंतप्रधान होते आणि सहीच्या कार्यक्रमाला ते थांबलेसुद्धा नव्हते, इतका त्यांचा विरोध. ते जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि १ जूनला जाहीर सांगून टाकलं की २९ जुलैच्या आत भारतीय फौज जायला हवी. दक्षिणेत जेव्हीपीवाले, म्हणजे सिंहली डावे बंडखोर, भारताच्या नावाने पेटलेले. आणि हद्द म्हणजे प्रेमदासांनी एलटीटीईलाच हत्यारं पुरवली, आपल्या जवानांशी लढायला! ज्याच्या घरात पाहुणा म्हणून गेलो तोच चोराला दार उघडून देतोय, तिथं सहा महिने काय आणि सहा वर्षं काय. (चार वर्षांनी १ मे १९९३ ला एलटीटीईनेच प्रेमदासांना उडवलं, तो भाग वेगळा.)

म्हणून माझं मत असं की डिसेंबर १९८९ ला व्ही. पी. सिंग आले आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली, ही कच खाणं नव्हती, हा उशीर होता. यजमान जा म्हणाला त्यानंतर नऊ-दहा महिने गेले. मला विचाराल तर नोव्हेंबर १९८८ ला प्रांतिक निवडणूक झाली तेव्हाच निघायची बरी वेळ होती, काहीतरी उभं केलंय असं सांगता आलं असतं. जाऊ दे. एकूण आपले सुमारे १२०० जवान गेले, जखमी त्याहून कितीतरी जास्त, आणि एका टप्प्यावर तिथं ७० हजारांच्या वर फौज होती. परत येताना मद्रासच्या बंदरात मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत, हे मात्र बाबांना लागलं असेल आणि त्यांचं बरोबर आहे, युद्ध चूक असलं म्हणून लढायला पाठवलेल्यांकडे पाठ फिरवायची नसते.

राहिली राजीव गांधींची गोष्ट. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईने त्यांना मारलं ते आपण तिथं गेलो म्हणून झालं, परत आलो म्हणून नाही. प्रभाकरन संपला असता तर दुसरा कोणी आला असता की नसता, हे मी किंवा बाबा सांगू शकत नाही. तो संपला मे २००९ मध्ये, श्रीलंकेच्या स्वतःच्या सैन्याकडून, आणि त्या शेवटच्या महिन्यांत तमिळ नागरिकांचे किती हाल झाले ते जगाने पाहिलं.

आणि साताऱ्याहून लिहिताय म्हणून एक सांगतोच. 'अजून सहा महिने'चा सगळ्यात मोठा पेशंट तुमच्या अजिंक्यताऱ्याखाली तंबू ठोकून बसला होता. औरंगजेब १६८१ च्या शेवटी दक्षिणेत आला, १६८६ ला विजापूर घेतलं, १६८७ ला गोवळकोंडा, १६८९ ला संभाजीराजांना मारलं. कुठल्याही हिशेबाने जिंकलाच होता, तेव्हाच दिल्लीला गेला असता तर इतिहास वेगळा झाला असता. पण नाही, राजाराममहाराज जिंजीला गेले तर त्या एका किल्ल्यापायी आठ वर्षं, मग म्हातारपणी स्वतः एकेक गड घेत फिरला, कुठे लढून तर कुठे किल्लेदाराला पैसे चारून, आणि पाऊस संपला की मराठे त्यातले गड परत घेणार. सिंहगडाचं नाव बदललं, तोरण्याचं बदललं, साताऱ्याचं आझमतारा केलं, नावं बदलून काय होतंय. १७०७ ला नगरजवळ गेला आणि खुलताबादेत पुरला. तब्बल २५ वर्षं दिल्लीचं तोंड पाहिलं नाही आणि पैसा, माणसं, सरदारांचा विश्वास सगळं या दगडांत घातलं. त्याच्या छावणीतही कोणीतरी म्हणतच असेल ना, हा पावसाळा गेला की संपलंच बघा.

प्रश्न: तुम्ही सगळे माघारीचं कौतुक करता. माझा थोरला भाऊ जाफन्यात लढताना गेला तेव्हा मी नववीत होते. जायलाच नको होतं असं म्हणता, मग तो कशासाठी गेला? — एक भगिनी, कोल्हापूर जिल्हा

ताई, या पत्राला उत्तर द्यायला मी चार दिवस लावले आणि तरी धड जमत नाहीये.

मला वाटतं हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि आपण ते एका वहीत लिहितो म्हणून घोळ होतो. दिल्लीने पाठवलं ते बरोबर की चूक, हा दिल्लीचा हिशेब. तुमचा भाऊ तिथं कसा वागला, शेजारच्या जवानाला सोडून पळाला नाही, हा त्याचा हिशेब, आणि तो पहिल्यामुळे कमी होत नाही. मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईचा, एसआयईएसमध्ये शिकलेले, ८ महारचे. महार रेजिमेंट म्हणजे १९४१ ला बेळगावात उभी राहिलेली, बाबासाहेबांच्या पाठपुराव्यातून. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला, छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच गोळी घातली आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. श्रीलंकेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, मरणोत्तर. मोहीम फसली म्हणून कोणी ते चक्र परत मागितलं नाही.

पण ताई, मला भीती कशाची वाटते सांगू का, पुढारी तुमचंच दुःख पुढे करतात. गेलेल्यांचं बलिदान वाया जाऊ नये म्हणून अजून थोडं थांबूया म्हणतात. अमेरिकेत निक्सन १९६९ ला आला तेव्हा व्हिएतनाममधून निघायचंय हे ठरलेलं होतं, पण 'सन्मानाने' निघायचं म्हणून जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारापर्यंत ओढलं. त्या चार वर्षांत त्यांचे अजून २० हजारांच्या वर पोरगे गेले, व्हिएतनामी किती ते वेगळंच. आणि १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडलंच. म्हणजे २० हजार नवीन घरांत तुमच्यासारख्या नववीतल्या बहिणी तयार झाल्या. तुमच्या भावाच्या नावाने असं कोणी काही मागितलं तर तुम्ही नाही म्हणा, तुम्हाला तो अधिकार आहे, मला नाही.

प्रश्न: मग कोरियाचं काय? तिथं अमेरिका १९५० पासून बसलीय आणि दक्षिण कोरिया कुठल्या कुठे गेला. — एक वाचक, डोंबिवली

चांगला मुद्दा, आणि फार लोक तो विसरतात. पण जुलै १९५३ च्या युद्धबंदीनंतर तिथं युद्ध चालू राहिलेलं नाही, अधूनमधून सीमेवर चकमक होते तेवढीच, आणि कोरियन सरकार थांबा म्हणतं, खर्चातला वाटा पण उचलतं. तो पहारा आहे. आपण बोलतोय ते रोज शवपेट्या येतात त्या युद्धांबद्दल. दोन्हीला 'सैन्य ठेवणं' म्हणतात म्हणून ते एक होत नाही.

प्रश्न: काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. निबंधात 'परदेशातून सैन्य माघारी घ्यावे का' असं आलं तर हो लिहू की नाही लिहू? मार्क कशाला मिळतात? — एक विद्यार्थी, नांदेड

बेटा, मार्कांचं मला माहिती नाही, मी स्वतः दोनदा प्रिलिम नापास आहे. पण मी पेपर तपासायला असतो तर चार गोष्टी शोधल्या असत्या: यजमान देशाला तुम्ही हवे आहात का, गेलात तेव्हाचं उद्दिष्ट आणि आजचं एकच आहे का, मागे राहणाऱ्याला पैसा-धान्य मिळत राहील का, आणि तुमच्या भरवशावर उभे राहिलेल्या लोकांचं काय करणार. शेवटच्या मुद्द्यावर खालचं उत्तर वाच, क्लासच्या नोट्समध्ये ते बहुतेक नसेल.

प्रश्न: बातम्यांमध्ये काबूलच्या विमानाला लटकणारे लोक पाहिले. आपण श्रीलंकेतून निघालो तेव्हा आपल्याला मदत करणाऱ्यांचं काय झालं होतं? — एक शिक्षिका, मडगाव

मॅडम, हा प्रश्न भारतात फार कमी लोक विचारतात. वाईट झालं. आपण निघायच्या आधी घाईघाईने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी करायला लावली होती, ईपीआरएलएफ वगैरे एलटीटीईच्या विरोधातल्या गटांच्या जोरावर. त्यात बरीच पोरं जबरदस्तीने उचलून आणलेली, कोवळी, ट्रेनिंग नावाला. आपली फौज जसजशी एकेक जिल्हा सोडत गेली तसतशी एलटीटीईने त्यांची कत्तल केली. तिथल्या उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाल मार्च १९९० मध्ये भारतात आले आणि बरीच वर्षं इथंच राहिले. नेत्यांना बोट मिळते हो, उचलून आणलेल्या पोराला कोण बोट देणार.

फ्रेंचांनी हेच अल्जीरियात केलं. १९६२ ला निघाले आणि त्यांच्या बाजूने लढलेले हार्की मागे सोडले, त्यांच्यातले हजारो मारले गेले. अमेरिकेने काबूलमधून लाखाच्या वर माणसं उचलली, तरी दुभाषे राहिलेच. माझं म्हणणं एवढंच की निघायची तारीख जाहीर करायच्या आधी ही यादी तयार पाहिजे, नावानिशी. ती विमानतळावर बसून करायची गोष्ट नाही. आपण तर ती केलीच नाही.

प्रश्न: आम्ही दिवाळीत ग्रुप टूरने श्रीलंकेला चाललोय. आपल्या जवानांचं तिथं काही स्मारक आहे का? टूरवाले म्हणतात असं काही नाही. — एक दांपत्य, नाशिक

आहे! कोलंबोला लागूनच श्री जयवर्धनेपुरा कोट्टे आहे, तिथं त्यांच्या पार्लमेंटच्या परिसरात आयपीकेएफचं स्मारक आहे, काळ्या दगडावर गेलेल्या जवानांची नावं आहेत. ते श्रीलंकेनेच बांधलंय, बरं का. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी तिथं जाऊन आले होते. टूरच्या यादीत नसेल तर कोलंबोच्या शॉपिंगच्या दिवशी टुकटुक करून जा. जाफन्याकडे जाणार असाल तर पलालीलाही एक स्मारक आहे, पण ते लष्करी भागात येतं, आधी चौकशी करून जा.

आणि जमलंच तर वरच्या कोल्हापूरच्या ताईंसाठी त्या दगडाचा एक फोटो काढून माझ्याकडे पाठवा, भावाचं नाव मी तुम्हाला फोनवर सांगतो.